डावीकडचा संच

या तुलनेतून कानसेनला काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. तो जो रेडिओ निवडेल तोच मंडळाचे सगळे सभासद घेणार, म्हणजे तितक्या घरांत त्याचं मत टेबलावर विराजमान होणार. दुकानातून पारखायला आणलेले दोन्ही संच निकाल लागेपर्यंत त्याच्याच घरी राहणार. मंडळाच्या पत्रकात पहिल्या पानावर, चौकटीत, त्याचं परीक्षण छापून येणार. शिवाय बैठक मोडताना दारात चपला शोधता शोधता प्रत्येक जण म्हणणार, 'दादा म्हणतील तसं.' निवृत्त माणसाला एवढी मिळकत काही वाईट नाही.

त्याच्या बायकोला मिळाली तर एकच गोष्ट मिळणार होती. निकाल लवकर लागला तर संध्याकाळ मोकळी.

बायकोचा हिशेब इथं मधेच कुठून आला, असं वाटेल. वरवर बघता मंडळात तिचं काम चहापुरतं होतं. पण ते वरवरच.

मंडळ शॉर्टवेव्ह ऐकणाऱ्यांचं. संध्याकाळी खिडकीबाहेर तार टांगायची आणि लांबलांबची स्टेशनं पकडत बसायचं, हा त्यांचा छंद. हे लोक स्टेशनवर काय लागलंय ते ऐकत नाहीत. स्टेशन कसं येतंय ते ऐकतात, आणि त्याला पाच आकडी शेरा देतात. पहिला आकडा आवाजाच्या ताकदीचा, दुसरा शेजारच्या स्टेशनच्या लुडबुडीचा, तिसरा खरखरीचा, चौथा चढउताराचा, पाचवा एकूण. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे नावापुरतं. जगात काय चाललंय हे त्यांना विचाराल तर डोकं खाजवतील. पण जग किती आकड्यांनी येतंय ते झोपेतून उठवलं तरी सांगतील.

कानसेन हे नाव याच लोकांनी ठेवलेलं, पाठीमागे वापरायचं. समोर 'दादा'. नोकरीत असताना तो वीज कचेरीसाठी घरोघर मीटर वाचायचा. काटा बघायचा, आकडा उतरवायचा, पुढचं दार. नोकरी सुटली, काटा सुटला नाही. संचाच्या तोंडावर सिग्नलचा काटा असतो, त्याच्याकडे तो असा रोखून बघायचा, की रेडिओनं आपली थकबाकी मुकाट्यानं कबूल करावी.

त्याचे कान नक्की कधी गेले हे त्यालाही सांगता येणार नाही. असे कान एका दिवसात जात नाहीत. लग्नघरातले पाहुणे पांगतात तसं ते असतं. आधी लांबचे उठतात, मग जवळचे, आणि यजमान गाफील असतो. एका जुन्या तुलनेत त्याला दोन संच अगदी सारखे लागले. बायको वाळलेले कपडे घेऊन मागून चालली होती. जाता जाता म्हणाली, की त्या दुसऱ्यात डास शिरलाय वाटतं. त्यानं लिहून टाकलं, 'दुसऱ्या संचात वरच्या पट्टीत बारीक शिट्टी.' पत्रक निघालं आणि मंडळातल्या रेडिओ मेकॅनिकचा फोन आला. याला सगळे सोल्डर म्हणत, कारण तारांना डाख देऊन देऊन बोटांना कायम त्याचाच वास. सोल्डर म्हणाला, की ती शिट्टी मला यंत्र लावून शोधावी लागली, दादांनी नुसत्या कानांनी कशी काय पकडली. त्याच संध्याकाळी कानसेननं हेडफोन उचलून बायकोच्या डोक्यावर ठेवले. ते पुढं उतरले नाहीत.

दोघांत ठरलं असं काहीच नव्हतं. 'तू जरा कानाला लाव गं, मी काटा बघतो,' एवढं बोलून कामाची वाटणी झाली. ती बसायची, ऐकायची, सांगायची. हा तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा करतोय. हा गोधडीतून बोलतो. यातला माणूस जवळ येतो, लांब जातो, बोलू की नको असं चाललंय त्याचं. तो लिहायचा: पार्श्वभूमीची खरखर जास्त. वरचे सूर कापलेले. चढउतार सावरणारी यंत्रणा मंद. पत्रकात हे वाचून लोक मान डोलवायचे, की दादांची भाषा किती नेमकी. तव्याचा उल्लेख कुठंच नसायचा.

तिला रेडिओ आवडायचा का? कुणी विचारलं नाही, तेव्हा उत्तरही तयार नव्हतं. ती मधेच उठून गॅस बंद करून यायची आणि पुन्हा हेडफोन चढवायची, इतकंच.

मग लेकीचे दिवस भरत आले. लेक दुसऱ्या गावी, पहिलंच बाळंतपण, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं. आई, तू ये, असा तिचा निरोप आला तेव्हा दोन्ही संच नुकतेच घरात येऊन टेबलावर बसले होते.

कानसेननं आत्ताच जायला हवं का, असं विचारून पाहिलं. सध्या हवा फार चांगली आहे म्हणाला. सूर्यावर डाग वाढलेत, लांबची स्टेशनं अंगणात आल्यासारखी येतायत.

"पोर काय सूर्याला विचारून येणार आहे?" ती म्हणाली. ती बॅग भरत होती.

"आणि तुलना?"

"तुमची तुम्ही करा."

"माझी मी कशी करणार?"

इतकी वर्षं दोघं ज्या गोष्टीला वळसा घालून चालले होते, तिच्या इतक्या जवळ ते कधी आले नव्हते. तिनं साडीची घडी अर्धी मोडून पुन्हा घातली. मग तिनं तोड सुचवली, की चिटणीसांना सांगा कान दुखतोय, महिनाभर थांबा. हे ऐकून त्याला खरंच धक्का बसला. पाय मोडलाय म्हणून सांगायला तो तयार होता. पण कान?

ती गेली.

दुकानदार संच परत मागू लागला, तेव्हा कानसेननं एक युक्ती काढली. दुपारी बायकोला फोन लावला आणि आपला फोन आधी डाव्या संचाच्या तोंडाला धरला, मग उजव्या. ती तेव्हा प्रसूतिगृहाच्या बाकावर बसली होती. लेकीला आत नेलं होतं. समोरच्या भिंतीवर गुटगुटीत बाळाचं कॅलेंडर, बाजूला औषधाच्या दुकानाची पिशवी, आणि कानात खरखर.

"दोन्ही सारखेच लागतायत," ती म्हणाली.

"नीट ऐक."

"अहो, फोनमधून सगळंच फोनसारखं येतं."

खरं होतं ते. फोन आवाजाचा फक्त मधला तुकडा पुढं पाठवतो, वरचं आणि खालचं कापून टाकतो. त्यातून रेशीम आणि पोतं एकच. कानसेनसारख्या मुरलेल्या माणसाला हे कळायला हवं होतं. पण स्वतःचे कान दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवले, की असलं भान तिकडंच राहतं.

"मग लिहू काय मी?" तो म्हणाला आणि फोन पुन्हा संचाला लावला.

"सारखे आहेत म्हणून लिहा. नाहीतर सरळ सांगून टाका, मला ऐकू येत नाही म्हणावं."

पलीकडं खरखर चालू राहिली. जरा वेळानं तो म्हणाला, "बरं, ठेवतो. काटा चांगला चाललाय." तिचं वाक्य त्याच्या कानात गेलं की संचाच्या, हे तिला कधीच कळलं नाही.

नर्सनं हाक मारली. मुलगा होता. तिला आत घेतलं तेव्हा तो रडतच होता, मूठ आवळून, सगळं तोंड उघडून. ती वाट बघत उभी राहिली. नातवंडाचा पहिला आवाज ऐकला की पोटात कालवतं म्हणतात. तिच्या पोटात काही झालं नाही. मनात आलं ते असं: ताकद पाच. लुडबुड नाही. खरखर थोडी. चढउतार आहे. एकूण चार.

तिनं स्वतःला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या आणि पुन्हा ऐकलं. पुन्हा चारच.

लेक उशीवर मान वळवून तिच्याकडं बघत होती. आईनं अशा वेळी म्हणायचं ते म्हटलं, गोड आहे गं, तुझ्यावरच गेलाय. लेकीच्या डोळ्यांतून पाणी आलं, आईनं ते पदरानं टिपलं. पुढचे सगळे दिवस तिनं काही कमी केलं नाही. दुपटी, दूध, मालीश, लेकीचं जेवण, सगळं वेळेवर. फक्त माणसं बोलायला लागली की ती काय बोलतायत यापेक्षा कशी येतायत तेच तिला आधी कळायचं. जावई गोधडीतून बोलायचा. लेक जवळ यायची, लांब जायची.

"आई, ऐकतेयस ना तू?" लेक एकदा म्हणाली.

"ऐकतेय."

"मग बोल ना काहीतरी."

तिनं उठून पोराचं दुपटं बदललं.

इकडं कानसेननं बैठक बोलावली. दोन्ही संच खिडकीखाली शेजारी शेजारी मांडले. गच्चीवरून आलेली एकच तार दोन्हींना वाटून दिली, मधे एक स्पीकर आणि कुठल्या संचाचा आवाज घ्यायचा त्याचा खटका. तुलना करायची तर अशीच, कारण आकाशाचा मूड दोन मिनिटं सारखा राहत नाही. सकाळी एक संच ऐकला आणि संध्याकाळी दुसरा, तर ती तुलना संचांची नाही, सकाळ-संध्याकाळची. डाव्या संचासमोर कानसेन बसला. उजव्याच्या बटणावर सोल्डर. चिटणीस स्पीकरच्या सगळ्यात जवळ. हे गृहस्थ चष्म्याचं दुकान चालवतात, त्यामुळं लोकांच्या उणिवांशी त्यांचं बोलणं फार अदबीचं असतं. बाकीचे जागा मिळेल तिथं. चहा बाहेरून, थर्मासमधून.

चिटणीसांनी वहिनी कधी येणार, असं विचारलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. मग म्हणाले, एवढी घाई कशाला, वहिनी आल्या की करू ना. आणि जीभ चावून पुढं जोडलं, म्हणजे चहा तरी धड मिळेल. सगळे हसले, जरा जास्तच. कानसेन म्हणाला, तुलनेला चहा लागत नाही.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. जी स्टेशनं रोजची होती त्यांचे शेरे त्याला सवयीनं देता येत होते. मग तो डाव्या संचाचं बटण सावकाश फिरवत नवीन जागी गेला. त्याच वेळी सोल्डर उजव्या संचाचं बटण थोडं खालच्या आकड्यांवर आणून काही शोधत होता.

आता या यंत्रांची एक खोड आहे. प्रत्येक संचाच्या पोटात त्याचा स्वतःचा एक सूर चालू असतो, त्याशिवाय त्याला स्टेशन पकडता येत नाही. दोन संच खेटून ठेवले आणि एकच तार वाटून दिली, तर एकाच्या पोटातला सूर दुसऱ्याला बाहेरचं स्टेशन वाटतो. काटा चढतो, खरखर दबते आणि ऐकू मात्र काहीच येत नाही. काट्याला वाटतं पाहुणा आला. कानाला कळतं, घर रिकामं आहे. मंडळातल्या नवशिक्यालाही ही खोड ठाऊक असते.

डाव्या संचाचा काटा चढला आणि थेट टोकाला जाऊन उभा राहिला. हलेना.

कानसेननं हात वर केला. "हे बघा. याला म्हणतात स्टेशन."

स्पीकर गप्प होता. खोलीत जिन्यावरून कुणीतरी उतरल्याचा आवाज आला, तोही स्पष्ट.

"शब्द न् शब्द," कानसेन म्हणाला.

कुणी कपात बघितलं, कुणी खिडकीबाहेर. चिटणीसांनी चष्मा काढून पुसायला घेतला. गप्प बसवेना म्हणून, केवळ सवयीनं, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "भाषा कुठली, दादा?"

"ओळखीची नाही. पण बोलणारा किती मोकळा बोलतोय."

सोल्डरला सगळ्यांत आधी कळलं. त्यानं आपलं बटण केसभर हलवलं, डावीकडचा काटा कोसळला. कानसेनच्या कपाळावर आठी पडली. सोल्डरनं बटण परत जागेवर आणलं, काटा पुन्हा उभा राहिला. आता फक्त म्हणायचं होतं, दादा, हा माझाच आवाज आहे. तो म्हणाला नाही. कानसेन शेरा देईपर्यंत तो बटणावर बोट दाबून, श्वास धरून बसला, पडणारी भिंत एकट्यानं टेकून धरावी तसा.

शेरा पडला पाच-पाच-पाच-पाच-पाच. मंडळाच्या आठवणीत असा शेरा कुणी दिला नव्हता. द्यायची हिंमतही नव्हती, कारण असं स्टेशन अजून जगात निघायचं आहे.

"मग, डावीकडचा," कानसेन म्हणाला.

दारात चपला शोधत सगळे म्हणाले, दादा म्हणतील तसं.

का म्हणाले? प्रत्येकाचा आपापला हिशेब होता. एवढी लांब तार बांधायला दुसऱ्या कुणाची गच्ची नव्हती. सोल्डरला वाटलं, बटण आपण फिरवलं, तेव्हा पाप आपलं. बाकीच्यांना फक्त पहिलं व्हायचं नव्हतं. मूग गिळायला सोबत असली की ते गोड लागतात. डावीकडचा संच सगळ्यांनी घेतला. तो बहिरट होता, आणि त्यात शेजारची दोन स्टेशनं एकमेकांच्या अंगावर पडायची. सोल्डरनं तसाच एक संच दुरुस्तीसाठी उघडून बघितला होता, त्याला आधीच माहीत होतं. त्यानंही घेतला.

बायको परत आली ती राहायला नव्हे, गरम कपडे न्यायला. लेकीची रजा संपत होती. पोराला तुझ्याशिवाय कुणाच्या हाती देणार नाही, तू आलीस तरच मी कामावर जाईन, असं लेकीनं सांगितलं होतं, आणि तिनं येते म्हणून शब्द दिला होता.

दारात कानसेननं तिच्या हातातली बॅग घेतली. पोर कुणासारखं दिसतं ते त्यानं विचारलं, पण नंतर. आधी म्हणाला, "या वेळी मी एकट्यानं केलं." पत्रक टेबलावर उघडूनच ठेवलं होतं. तिनं वाचलं.

"पाचही पाच?"

"मग? असं स्टेशन जन्मात आलं नव्हतं. तू असायला हवी होतीस."

तिनं हेडफोन चढवले. बटण फिरवून पाहिलं, पुन्हा फिरवून पाहिलं. कानात नळावर दोन बायका एकदम भांडत होत्या, आणि त्यांच्या मागं तवा. कानसेन तिच्या तोंडाकडं बघत होता. काट्याकडं नाही. असं त्यानं आजवर कधी केलं नव्हतं.

"कसाय?"

"चांगला आहे," ती म्हणाली आणि हेडफोन काढून ठेवले.

दुसऱ्या दिवशी तो केस कापायला बाहेर पडल्यावर चिटणीस आले. बसले नाहीत. दुकानातल्या गिऱ्हाइकाशी बोलावं तसं लांबून सुरू केलं. माझ्याकडं येणारा माणूस मला दिसत नाही असं कधी म्हणत नाही, वहिनी. हल्ली छपाई बारीक झालीय म्हणतो. आणि मग मुद्द्यावर आले, त्या शिट्टीच्या वेळेपासून मंडळाला माहीत आहे, कान कुणाचे ते.

"आणि तरी हा घेतलात?"

"दादांना सांगणार कोण?"

तिनं टेबलावरचं पत्रक मिटून ठेवलं. चिटणीस म्हणाले, आता दुकानदार नवीन संच पाठवतोय, पत्रकातली चौकट वाचून खूश झालाय, एकदम पाच. शहरातली दुसरी मंडळंही बघायला येणार. ती माणसं आपल्यासारखी नाहीत. त्यांच्यासमोर दादांनी पुन्हा असं काही ऐकलं, तर नाव राहणार नाही. तुम्ही आहात ना या वेळी?

"इतकी वर्षं माहीत होतं तुम्हाला," ती म्हणाली. "बाई, तुला हे ऐकायचंय का, असं एकानं तरी विचारायचं."

"तुम्ही कधी नाही म्हणाला नाहीत, वहिनी."

हेही खरं होतं. ती विचार करत राहिली, की आपल्याला राग यायला हवा. आला असता तर बरं झालं असतं. रागात माणूस बॅग उचलतो. ती उभी होती तशीच उभी राहिली. चिटणीस उंबरठ्याबाहेर पाय ठेवताना म्हणाले, मग आहात असं धरतो. तिनं नाही म्हटलं नाही.

संध्याकाळी तिनं लेकीला फोन केला. आतल्या खोलीत कानसेन नव्या संचांसाठी टेबल रिकामं करत होता. मधेच त्यानं काहीतरी विचारलं, तिनं हातानं थांबा म्हटलं.

"यायला जमेलसं दिसत नाही गं," ती म्हणाली. "ह्यांना बरं नाही."

"काय झालं बाबांना?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय, आई? मी सोमवारी कामावर हजर होणार म्हणून कळवलंय."

मागं पोर रडत होतं. लेक म्हणाली थांब जरा, आणि फोन कुठंतरी ठेवला. बराच वेळ नुसतं रडणंच येत राहिलं. मग लेक परत आली.

"ऐकू येतंय का तुला?"

"येतंय," ती म्हणाली. "स्पष्ट येतंय."

तेव्हा भरपाई अशी झाली. कानसेनला काहीच भरावं लागलं नाही. नाव शाबूत राहिलं, वर पाच नवे संच टेबलावर आले. सभासदांनी एकेका बहिरट रेडिओचे पैसे भरले आणि मोबदल्यात गच्ची राखली. निम्म्यांनी तो एव्हाना कपाटावर टाकलाही. चिटणीसांना मंडळाचे कान परत मिळाले. बायकोनं आपल्या सगळ्या संध्याकाळी भरल्या, पण ती जुनीच रीत, त्यात नवं काही नाही. उरलेलं सगळं लेकीच्या नावावर पडलं. तिनं नोकरी सोडली. शॉर्टवेव्हच्या बटणाला तिनं जन्मात हात लावला नव्हता.